उझबेक खानशाह्यांचा कालपट कसा मांडावा

मोठा कागद घ्या आणि मध्य आशियातल्या तीन उझबेक खानशाह्यांसाठी तीन उभे रकाने आखा: बुखारा, खीवा, कोकंद. वर १५००, तळाला १९२०. कोकंदचा रकाना १७०९ पर्यंत कोराच राहील. तो भरायची घाई करू नका.

बुखाऱ्यात आधी तीन घराणी बसवा. १५०० पासून शैबानी, १५९९ पासून अश्तरखानी आणि १७४७ पासून मंगीत. खीव्यात १५११ ला पहिला खान इल्बार्स याच्यापासून सुरुवात करा.

आता प्रत्येक नावापुढे पदवी लिहा. बहुतेक कालपट चुकतात ते इथेच. ‘खान’ म्हणवायला चंगीझखानाचा वंशज असावं लागे. तसा नसलेला बलाढ्य सरदार खानाला गादीवर बसवून ‘अतालिक’ किंवा ‘इनाक’ म्हणून कारभार पाही. सातारची गादी आणि पुण्याचा कारभार आठवा, म्हणजे चटकन उमगेल. मंगीत मुहम्मद रहीमने १७४७ ला अश्तरखानी अबुल फैज खानाला ठार केलं, तरी स्वतःला खान म्हणवून घ्यायला १७५६ उजाडलं. त्याच्यानंतर दानियाल पुन्हा अतालिकच राहिला. १७८५ ला शाह मुरादने ‘अमीर’ पदवी घेतली, म्हणून बुखाऱ्याचे पुढचे सगळे अमीर. यासाठी ‘गादी’ आणि ‘सत्ता’ असे दोन रंग वापरा. खीव्यात कुंग्रात टोळीचे इनाक १८०४ ला उघडपणे खान झाले. कोकंदवर राज्य करणाऱ्या मिंग टोळीचा चीनच्या मिंग घराण्याशी काही संबंध नाही.

नावं फसवतात. मुहम्मद रहीम बुखाऱ्यात एक, खीव्यात दोन. आलिम खान कोकंदचा वेगळा आणि १९१० ला बुखाऱ्याच्या गादीवर आलेला वेगळा. नावाला शहर आणि वर्ष जोडल्याशिवाय कागदावर उतरवू नका.

साल हिजरीत (इस्लामी कालगणनेत) दिलं असेल, तर ते ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. ९१६ चे १५१० येतात, म्हणजे मर्वच्या लढाईत शैबानी घराण्याचा संस्थापक शैबानी खान मारला गेला ते वर्ष. हिजरी साल दोन इसवी सालांत पसरतं, त्यामुळे महिना माहीत नसेल तर १५१०-११ असंच लिहा.

बल्खची (आजच्या अफगाणिस्तानातलं शहर) नोंद बुखाऱ्याच्या रकान्यात, पण कडेला करा. तिथं बऱ्याचदा युवराज बसे. १६४६-४७ ची शाहजहानची स्वारी, जिच्या शेवटी औरंगजेबाला माघार घ्यावी लागली, ती तिथंच येते.

रशियन विजयाशी सगळ्या रेघा एकदम तोडू नका. कोकंदची १८७६ ला संपवा. बुखाऱ्याची १८६८ पासून आणि खीव्याची १८७३ पासून तुटक करा, कारण दोन्ही गाद्या रशियाच्या मांडलिक म्हणून १९२० पर्यंत टिकल्या.