अडकलेलं डाउनलोड लगेच डिलीट करू नका : हँडहेल्ड कन्सोलवर गेम उतरवताना होणाऱ्या चुका

पट्टी ९७ टक्क्यांवर येते आणि तिथंच ठाण मांडून बसते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, हलायचं नाव नाही. मग आपण काय करतो? डाउनलोड रद्द करून पुन्हा पहिल्यापासून लावतो. दुसऱ्यांदाही गाडी तिथंच अडते. मग राउटर बंद-चालू, मग इंटरनेटवाल्याला फोन, आणि अगदीच वैतागलो की कन्सोलचं फॅक्टरी रीसेट. मी हे सगळं केलंय, याच क्रमाने. शेवटी दोष निघाला मेमरी कार्डात.

त्यानंतर मित्रमंडळींची बरीच कन्सोल हातात आली आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. नावं ठेवली जातात नेटला, पण अडचण बहुतेक वेळा जागेची, कार्डाची नाहीतर खात्याची असते. आणि नुकसान होतं ते बिघाडामुळे नाही, तर घाईघाईने केलेल्या 'दुरुस्ती'मुळे.

नेट मंद आहे, की तुमचा हिशेब चुकतोय?

कनेक्शन ४० एमबीपीएसचं आहे आणि कन्सोल किंवा स्टीम (संगणकी गेमचं ऑनलाइन दुकान) दाखवतंय सेकंदाला ५ एमबी. लोक इथंच भडकतात. पण कनेक्शनचा वेग बिट्समध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइट्समध्ये. ८ बिट्सचा एक बाइट. म्हणजे ४० भागिले ८, बरोबर ५. या वेगाने १६ जीबीचा गेम उतरायला पाऊण-एक तास लागणारच. फार तर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा आणि राउटर असलेल्या खोलीत बसा. भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ लवकर दम टाकतं, तिथं २.४ च बरं.

स्टीम डेकवर, म्हणजे स्टीमचे गेम चालवणाऱ्या हँडहेल्डवर, आणखी एक गंमत. डाउनलोडच्या पानावर दोन आलेख दिसतात, एक नेटवर्कचा आणि एक डिस्कचा. नेटवर्कचा आलेख मध्येच शून्यावर येतो आणि जीव खाली-वर होतो. खरं तर गेम दाबून बारीक केलेल्या रूपात येतो. तो उलगडून साठवणीवर लिहायला वेळ लागतो, तेवढा वेळ नेट गप्प बसतं. डिस्कचा आलेख हलत असेल तर काम चालू आहे. हात लावू नका. दोन्ही आलेख सपाट झाले तरच काळजी करा.

झोपवण्याचंही तसंच. निन्टेन्डोचा स्विच हा हँडहेल्ड स्लीप मोडमध्ये असताना गेम उतरवू शकतो, फक्त सेटिंगमध्ये स्लीपमध्ये नेट चालू ठेवण्याचा पर्याय सुरू हवा. मात्र त्याच स्विचवर तुम्ही ऑनलाइन गेम खेळायला बसलात तर मागचं डाउनलोड थांबतं. 'रात्रभर खेळलो तरी उतरला नाही' या तक्रारीचं मूळ हे. स्टीम डेक साध्या स्लीपमध्ये गेला की डाउनलोडही झोपी जातं, तेव्हा मोठा गेम लावताना तो चार्जरला लावून जागाच ठेवा. पूर्ण बंद केलेलं कोणतंही कन्सोल काहीच उतरवत नाही. हे सांगायची गरज नसावी, पण पडते.

१४ जीबीच्या गेमला १४ जीबी जागा पुरत नाही

पहिल्या स्विचमध्ये ३२ जीबी साठवण आहे, त्यातली वापरायला मिळते साधारण २६. २०२१ च्या ओएलईडी स्विचमध्ये ६४ जीबी, तर २०२५ च्या स्विच २ मध्ये २५६. २०२२ चा सगळ्यात स्वस्त स्टीम डेक ६४ जीबीचा होता आणि त्यातला मोठा घास ऑपरेटिंग सिस्टिमच घेत होती. 'द विचर ३'चा स्विचवरचा गेम ३२ जीबीच्या कार्ट्रिजवर येतो. तोच डाउनलोड करायचा तर साध्या स्विचच्या आतल्या साठवणीत तो मावतच नाही, कार्ड लावावंच लागतं.

पण खरी फसगत अपडेटच्या वेळी होते. गेम नीट चाललेला असतो, २ जीबी जागा शिल्लक असते, ६०० एमबीचा अपडेट येतो आणि 'जागा अपुरी' असा संदेश झळकतो. कारण पुष्कळ गेममध्ये जुनी फाइल पुसण्याआधी नवी शेजारी तयार होते. काही वेळ दोघींना जागा लागते. म्हणून मी गेमच्या आकाराच्या दीडपट जागा मोकळी असल्याशिवाय डाउनलोड लावत नाही. हा माझा अंदाज आहे, कोणत्या कंपनीचा नियम नाही. पण तेव्हापासून तो संदेश दिसलेला नाही. स्टीम डेकवर गेमसोबत शेडर कॅशही (चित्रं झटपट दिसावीत म्हणून आधीच तयार ठेवलेला डेटा) साठत जाते, तिला विसरू नका.

जागा करायला गेम पुसायची गरज नसते. एप्रिल २०२० पासून स्विचवर गेम आतल्या साठवणीतून कार्डात आणि उलट हलवता येतो. डेकवरही ती सोय आहे. हे माहीत नसल्यामुळे तीस-तीस जीबी पुन्हा उतरवणारे लोक मी पाहिलेत.

कार्ड : निम्म्या रडगाण्यांचं मूळ

आता माझ्या त्या कार्डाची गोष्ट. २५६ जीबी, दिसायला झकास, पाकीटही चकचकीत, आणि भाव जरा जास्तच चांगला. पहिले तीन-चार गेम मस्त उतरले. पाचवा मध्येच अडकला. पुन्हा लावला, पूर्ण झाला, पण सुरू करताच 'डेटा खराब आहे'. तो पुसून परत उतरवला, तर आता दुसराच, कालपर्यंत चालणारा गेम उघडेना. तीन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी कार्ड संगणकाला लावून एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्राम चालवला. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पाहतो. निकाल आला : खरी जागा ३० जीबीच्या आसपास, बाकी सगळा बनाव. कार्ड स्वतःला २५६ म्हणवत होतं. खरी जागा संपली की नवा डेटा जुन्याच्या डोक्यावर लिहिला जात होता. म्हणून एक गेम आला की दुसरा मरायचा.

तेव्हा नवं कार्ड आणलं की गेम टाकण्याआधी ही चाचणी घ्या. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, लागू देत. चाचणी रिकाम्या कार्डावरच करा. आणि १२८ जीबीचं कार्ड संगणकावर ११९ दिसलं म्हणून विक्रेत्याशी भांडायला जाऊ नका; ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, फसवणूक नाही.

दुसरी चूक स्विच २ वाल्यांची. या कन्सोलवर गेम साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं. जुनं मायक्रोएसडी त्याच खाचेत अगदी बरोबर बसतं, आणि तिथंच घोळ होतो. त्यावरचे जुने स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ तेवढे कन्सोलमध्ये घेता येतात. गेम मात्र त्यावर उतरत नाहीत. खरेदी करताना कार्डावर 'एक्सप्रेस' लिहिलंय का, ते डोळ्यांनी वाचा. नुसत्या 'जलद', 'गेमिंग' अशा विशेषणांना अर्थ नाही.

तिसरी चूक फॉरमॅटची, म्हणजे कार्डावर फाइली मांडण्याच्या पद्धतीची. संगणकावर सवयीने फॅट३२ केलेलं कार्ड ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल स्वीकारत नाही. स्टीम डेक कार्ड ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करतो. ते कार्ड विंडोजला लावलं की विंडोज ते ओळखत नाही आणि 'फॉरमॅट करू का?' असं नम्रपणे विचारतं. 'हो' म्हटलंत की सगळे गेम गेले. सरळ उपाय असा की कार्ड ज्या कन्सोलमध्ये वापरायचं, त्याच कन्सोलच्या सेटिंगमधून फॉरमॅट करा.

आणि एकाच्या स्विचमधलं भरलेलं कार्ड दुसऱ्याच्या स्विचमध्ये घालून गेम 'वाटता' येत नाहीत. डेटा त्या एका कन्सोलशी बांधलेला असतो. स्वतःच्याच स्विचसाठी मोठं कार्ड घेतलं असेल, तर जुन्या कार्डावरचं 'निन्टेन्डो' नावाचं फोल्डर संगणकावरून जसंच्या तसं नव्यावर टाका.

पैसे गेले, गेम कुठाय?

गेम कन्सोलच्या नव्हे, खात्याच्या नावावर जमा होतो. घरात एकाच स्विचवर ताईचं आणि धाकट्याचं अशी दोन खाती असली की खरेदी कोणाच्या खात्यातून झाली हे कुणीच पाहत नाही. मग नवं कन्सोल आल्यावर धाकटा आपल्या खात्यातून दुकान उघडतो, तिथं गेमवर किंमत दिसते आणि घाईत दुसऱ्यांदा पैसे भरले जातात. किंमत दिसली तर थांबा, खातं बदला, आधी घेतलेल्या गेमची 'रीडाउनलोड' यादी पाहा.

खात्याचा देश बदलून स्वस्तात गेम घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. स्विच कोणत्याही प्रदेशाचा गेम चालवतो, पण त्या गेमचं अतिरिक्त कंटेंट वेगळ्या प्रदेशाच्या दुकानातून घेतलं तर ते मूळ गेमला जोडलं जात नाही, असं पुष्कळदा होतं. 'डाउनलोड पूर्ण' असं दिसतं, गेममध्ये मात्र काहीच नाही. ज्या प्रदेशाचा गेम, त्याच प्रदेशाचं कंटेंट घ्या.

स्विच २ च्या काही डब्यांत 'गेम-की कार्ड' असतं. डब्यात कार्ड असलं तरी त्यात गेम नसतो, नुसती किल्ली असते. गेम पूर्ण उतरवावा लागतो आणि खेळताना कार्डही आत ठेवावं लागतं. प्रवासाला निघताना गाडीत बसून डबा फोडलात तर हात चोळत बसाल.

गेम बिघडलाच, तर

डिलीटआधी तपासणी. स्विचवर गेमच्या पर्यायांत 'चेक फॉर करप्ट डेटा' आहे, स्टीमवर 'व्हेरिफाय इंटेग्रिटी ऑफ गेम फाइल्स'. गेममध्ये खराबी आहे का, ते यात कळतं, आणि असेल तर तेवढंच दुरुस्त करण्यावर भर असतो. या पर्यायाने माझे तरी अर्ध्याहून अधिक प्रश्न सुटलेत. तारीख-वेळही एकदा बघा. बॅटरी पूर्ण उतरून बरेच दिवस पडून राहिलेल्या कन्सोलचं घड्याळ चुकलं की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अमान्य ठरतात आणि दुकानच उघडत नाही. एरर मात्र नेटचा वाटावा असा येतो.

डिलीट करायचाच असेल, तर तुमच्या कन्सोलवर सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) कुठं राहते ते आधी समजून घ्या. प्रत्येकाची रीत निराळी. स्विचवर सेव्ह कार्डात नसते, कन्सोलच्या आत असते. गेम पुसला किंवा कार्ड फॉरमॅट केलं तरी ती शाबूत राहते. पण कन्सोल पूर्ण रीसेट केलंत तर गेली. निन्टेन्डोच्याच जुन्या ३डीएस हँडहेल्डचं नेमकं उलटं : डाउनलोड केलेल्या गेमची सेव्ह एसडी कार्डातच असते. सोनीच्या जुन्या पीएस व्हिटा हँडहेल्डवर गेम पुसला की सेव्हही त्याच्यासोबत जाते. स्विचची सवय लागलेल्या एका मित्राने व्हिटावर बिनधास्त डिलीट दाबलं. साठ-सत्तर तासांचा खेळ गेला. क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेल्या प्रतीवर, विसंबत असाल तर त्या गेमला क्लाउड सेव्ह आहे का, ते तपासा. सगळ्यांना नसते.

'फुकट गेम'वाल्या साइट

गेमची फाइल म्हणून .ईएक्सई (विंडोजवर चालणारा प्रोग्राम) मिळाली आणि कन्सोलवर घालण्याआधी ती संगणकावर चालवायला सांगितली, तर टॅब बंद करा. जुन्या गेम बॉय अॅडव्हान्सचा गेम जास्तीत जास्त ३२ एमबीच्या आसपास असतो. त्यासाठी 'इन्स्टॉलर' लागत नाही. चोरीच्या गेमपायी कन्सोलच ऑनलाइन सेवेतून कायमचं बाद झाल्याची उदाहरणं आहेत, आणि मग विकत घेतलेलेही गेम नव्याने उतरवता येत नाहीत. फुकटच हवं असेल तर इच.आयओ या साइटवर हौशी मंडळींनी स्वतः बनवलेले गेम बॉयचे गेम रीतसर मिळतात, काही तर फार सुरेख आहेत.

जुनं कन्सोल कपाटात असेल तर

३डीएसच्या दुकानात २७ मार्च २०२३ पासून खरेदी बंद आहे. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय त्या वेळी कायम ठेवली गेली, पण ती अखेरपर्यंत राहील असं वचन कुणी दिलेलं नाही. व्हिटाचं दुकान २०२१ मध्ये बंदच होणार होतं. लोकांच्या नाराजीनंतर तो निर्णय मागे घेतला गेला, मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तिथं क्रेडिट-डेबिट कार्डाने थेट पैसे भरता येत नाहीत, खात्याचं वॉलेट संगणकावरून किंवा फोनवरून आधी भरावं लागतं. ३डीएसवर जागा एमबीत नव्हे, 'ब्लॉक'मध्ये दिसते : ८ ब्लॉक म्हणजे १ एमबी. तेव्हा '१६,००० ब्लॉक' वाचून दचकू नका, ते २ जीबीच आहेत. चार्जर शोधा, एका रविवारी विकत घेतलेलं सगळं उतरवून घ्या आणि कार्डाची एक प्रत संगणकावर ठेवा.