अंग उलतंय? तेल चोळायच्या आधी हे वाचा (खास सोलापूरकरांसाठी)

थंडीत गड्ड्याची यात्रा (आपल्या सिद्धेश्वराची) जवळ आली की घराघरात तेच चालू होतं, नडगी पांढरीफटक, नखाने ओढलं तर रेघ उमटते, टाचा फुटलेल्या, आणि मग दुपारी कधीतरी आठवलं की कोरड्या अंगावर खोबरेल तेल चोळायचं. तासभर चकाकतं आणि संध्याकाळी परत जैसे थे. तेल वाईट नाहीये हो, पण तेल म्हणजे पाणी नव्हे. अमेरिकेत त्वचेवर संशोधन करणारे अर्विन ब्लँक यांनी १९५२ मध्येच हे दाखवून दिलं होतं, वाळलेल्या घट्ट्याचे (तळव्याच्या जाड, कडक कातडीचे) तुकडे तेलात ठेवले तर कडकच राहिले, पाण्याने मात्र मऊ पडले.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पेशी म्हणजे विटा आणि मधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड या स्निग्ध पदार्थांचा चुना. आतलं पाणी सतत वर येऊन उडत असतं, तो चुना ते अडवतो. या थरातलं पाणी साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की तो ताठ होतो, सोलतो, फुटतो. आपल्याकडे हवाच एवढी कोरडी की पाणी लवकर उडतं, त्यात कढत पाण्याची आंघोळ आणि अंगभर साबण, म्हणजे होता तो चुनाही निघून गेला. नळाला रोज पाणी नसतं म्हणून बरेच जण बोअरचं वापरतात, त्या जड पाण्यात फेस येत नाही म्हणून आपण साबण अजून घासतो आणि त्याचा थर अंगावर तसाच राहतो.

म्हणून आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत उरकायची, साबण फक्त काखा, जांघा, पाय एवढ्यालाच. टॉवेल आपलाच सोलापुरी घ्या पण खसाखसा पुसू नका, नुसता टिपा, अंग थोडं ओलसर राहू द्या आणि बाथरूममधून बाहेर येऊन गप्पा मारत न बसता दोन-तीन मिनिटांत क्रीम लावा. सगळी किमया या दोन-तीन मिनिटांत आहे, महागड्या डबीत नाही.

मेडिकलमध्ये ट्यूब उलटी करून मागचं वाचा. ग्लिसरीन, युरिया हे पाणी धरून ठेवतात, पेट्रोलियम जेली, पॅराफिन, डायमेथिकोन हे वरून झाकण घालतात. दोन्ही गटातलं काहीतरी पाहिजे, सिरॅमाइड असेल तर उत्तमच. नुसतं घट्ट ग्लिसरीन कोरड्या हवेत लावू नका, बाहेर ओलावा नसला की ते आतलंच पाणी ओढतं, त्यात पाणी मिसळा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. अडवण्याच्या बाबतीत साध्या व्हॅसलिनला तोड नाही.

टाचांचं काम रात्रीच. विशेषतः कारखान्यात दिवसभर उभं राहणाऱ्यांनी आणि मागून उघडी चप्पल घालणाऱ्यांनी. पाय दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात, मग वजरी हलक्या हाताने (ब्लेडने कातडं काढू नका, कृपा करून), पाय टिपायचे, १० टक्के युरियाचं क्रीम, त्यावर व्हॅसलिन आणि सुती मोजे घालून झोपायचं. उघड्या भेगेत युरिया झोंबतो, तिथे आधी नुसतं व्हॅसलिन लावा.

भरपूर पाणी प्या म्हणजे कातडी तुकतुकीत होते असं सगळे सांगतात, प्या की, आपल्या उन्हाळ्यात लागतंच, पण वरच्या थराचा कोरडेपणा त्याने फारसा जात नाही. आणि मे महिन्यात हे सगळं बंद करू नका, घामाने चिकट वाटतं पण हवा तेव्हाही कोरडीच असते, फक्त घट्ट क्रीमच्या जागी पातळ लोशन घ्या.

घरात कोणाला शुगर असेल आणि भेगेतून रक्त किंवा पू दिसला तर मात्र घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला पाय दाखवा.