जुन्या बोर्दोचा गाळ ग्लासात येऊ नये म्हणून
फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पोइयाक गावची २० वर्षांहून जुनी रेड वाइन उघडायची असेल, तर आडवी ठेवलेली बाटली किमान २४ तास आधी उभी करा. टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतला तुरट घटक) आणि रंगद्रव्यांचा बारीक गाळ तळाशी बसायला तेवढा वेळ लागतोच. घाई केली तर वाइन गढूळ होते, कडवट लागते. बूच ठिसूळ झालेलं असतं, म्हणून मळसूत्री ओपनरपेक्षा दोन पात्यांचा बरा. बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून एकाच संथ धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून घ्यायच्या काचेच्या सुरईत, ओता, मध्येच बाटली सरळ करू नका. गाळाची काळी रेघ मानेपाशी आली की थांबा. १६ ते १८ अंश सेल्सियसला लगेच वाढा. तरुण पोइयाकला दोन तास हवा मानवते; इतक्या जुन्या वाइनचा नाजूक सुगंध मात्र तेवढ्यात विरून जाऊ शकतो.