सोसायटीत नियम मोडणाऱ्याचं करायचं काय

कमिटीत असाल तर आधी एक करा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन कुणाला झापू नका, त्याने भांडणच वाढतं. तक्रार लेखी घ्या, सेक्रेटरीने स्वतः जाऊन बघावं, मग मीटिंगच्या मिनिट्समध्ये नोंद करून त्या मेंबरला नोटीस द्या आणि त्याचं म्हणणंही नीट ऐका, दंड लावायचा तर तो जनरल बॉडीतूनच, म्हणजे सगळ्या मेंबरांच्या सभेतूनच. गळतीची भांडणं सगळ्यात जास्त: गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर खर्च सोसायटीचा, वरच्यांच्या बाथरूममधून येत असेल तर तो त्या मेंबरांचा. आणि मेंटेनन्स थकला म्हणून कुणाचं पाणी तोडू नका हो, घरात म्हातारी माणसं, लेकरं असतात! महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात उपनिबंधकांकडून (सहकार खात्याचे अधिकारी) वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा अधिकृत आदेश, घ्यायची सोय आहे, ती वापरा.