घशा-तोंडाचं रेडिएशन चालू आहे? तोंड सोलवटू नये म्हणून या चुका टाळा

पहिले दोन आठवडे बरे जातात आणि तिथेच फसगत होते. डोकं-मानेच्या कॅन्सरचं रेडिएशन साधारण ६ ते ७ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस चालतं. तोंडातली लाली, जळजळ बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, शेवटी शेवटी वाढते आणि उपचार संपल्यावरही उतरायला काही आठवडे घेते. म्हणून ‘तोंड आलं की बघू’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. निगा पहिल्या दिवसापासून घ्या. तोंड येणारच नाही असं कोणी सांगू शकत नाही, पण त्रास आटोक्यात राहतो.

त्याही आधी दात दाखवा. किडलेली दाढ काढायची असेल तर रेडिएशनच्या निदान २ आठवडे आधी काढा, म्हणजे जखम भरते. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला, तर हाड भरून न येता सडू शकतं.

दाढ ठणकली की फेणीची (काजूच्या दारूची) चूळ भरणारी माणसं आपल्या गोव्यात आहेत. या दिवसांत ती नको, झोंबणारे अल्कोहोलवाले माउथवॉशही नकोत. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक माउथवॉश चांगलं म्हणून अनेकजण स्वतःच आणतात, पण रेडिएशनचं तोंड येणं रोखायला त्याचा उपयोग होत नाही. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात १ छोटा चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा घाला. दर दोन-तीन तासांनी आणि जेवणानंतर चूळ भरा. पाणी रोज नवीन करा. काणकोण किंवा सत्तरीसारख्या लांबच्या तालुक्यांतून रुग्णालयात रोज ये-जा करणाऱ्यांनी बाटली सोबत ठेवावी, कारण अर्धा दिवस प्रवासात आणि रांगेत जातो. बेन्झिडामिन या सूज-वेदना कमी करणाऱ्या औषधाची चूळ आणि कमी शक्तीचा लेझर यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. दोन्हींचा फायदा अभ्यासांत दिसला आहे.

ब्रश अगदी मऊ हवा. मशेरी, तंबाखू, विडी पूर्ण बंद. कवळी रात्री काढून ठेवा, दुखू लागली तर दिवसाही घालू नका.

जेवणात घरच्यांची माया आड येते. चव गेली म्हणून तिखट हुमण (माशाची आमटी), सोलकढी, लोणचं पुढे केलं जातं. आंबट-तिखट आता सोसत नाही. उकड्या तांदळाची पेज द्या, पण कोमट आणि सोबत तोर (मिठातली कैरी) न देता. त्यात मूगडाळ घोटून घाला, तूप सोडा. मुडदुशी हा मासा उकडून, काटे नीट काढून द्या. कडक उंडे (गोल पाव) दुधात भिजवल्याशिवाय नकोत. निव्वळ पेजेवर वजन टिकत नाही, म्हणून अंडं, दूध, दही ही भर हवीच.

दुखणं गिळून बसू नका. आपल्या बायका तर सांगतच नाहीत. वेदनेचं औषध जेवणाआधी अर्धा तास घेतलं तर घास उतरतो. ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तोंडात पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते. तिला वेगळं औषध लागतं, घासून काढू नका.

आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) दोन-चार दिवस सुट्टी घेऊ, म्हणून रेडिएशन चुकवू नका. खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला वाव मिळतो. तोंड फार आलं असेल तरी थांबायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. पाणीसुद्धा गिळता येईना, ताप आला, तोंडातून रक्त आलं किंवा वजन झपाट्याने उतरू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.