फायब्रोमायल्जियाचे पुनर्वसन: व्यायाम किती करावा आणि कसा वाढवावा

पुनर्वसन म्हटले की आपल्याकडे आधी कोयना-उजनीचे धरणग्रस्त आठवतात. वैद्यकातही हा शब्द फार वेगळ्या अर्थाने येत नाही. जुने गाव जसेच्या तसे परत मिळणार नसते, पण नव्या जागी चूल मांडायची असते. फायब्रोमायल्जिया असलेल्या व्यक्तीने एवढे सुरुवातीलाच मनाशी धरले, तर ‘दुखणे शून्यावर कधी येईल’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘मी पुन्हा काय काय करू लागेन’ हा प्रश्न पुढे येतो. पुनर्वसनाची सारी आखणी या दुसऱ्या प्रश्नावर होते.

आधी निदानाविषयी थोडे. तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर दुखणे, रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून येणे, सतत थकवा आणि साध्या गोष्टी विसरणे असे या आजाराचे रूप असते. 1990 च्या अमेरिकन निकषांनुसार शरीरावरील ठरावीक 18 जागा दाबून त्यांपैकी किमान 11 दुखतात का, हे पाहिले जात असे. 2010 पासून त्याऐवजी शरीराच्या 19 भागांपैकी किती भाग दुखतात आणि थकवा, झोप व एकाग्रतेचा त्रास किती आहे, यांचे गुण मोजण्याची पद्धत आली. रक्ततपासणी केली जाते ती थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, ड जीवनसत्त्वाची कमतरता किंवा संधिवात यांसारखे दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेले नाही’ हे वाक्य, दुर्दैवाने कितीही वेळा ऐकावे लागले, तरी चुकीचेच आहे.

वेदना खरी असते, मात्र तिचा उगम स्नायूच्या इजेत नसतो. 1983 साली क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, दुखापतीनंतर मज्जारज्जूची संवेदनशीलता वाढते आणि मग एरवी न दुखणारा स्पर्शही वेदना म्हणून जाणवू लागतो. फायब्रोमायल्जियात मेंदू आणि मज्जारज्जू यांची अशीच वाढलेली संवेदनशीलता हे मुख्य कारण मानले जाते. व्यायामाच्या दृष्टीने याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे, कारण चालल्यावर पोटऱ्या ठणकल्या म्हणजे पोटऱ्यांना इजा झाली, असे या आजारात समजण्याचे कारण नसते.

आता मूळ अडचण पाहू. एखाद्या सकाळी बरे वाटते. दिवाळी आठ दिवसांवर आलेली असते, म्हणून माळ्यावरचे डबे काढून घासले जातात, पडदे धुतले जातात, त्याच ओघात चकलीची भाजणीही भाजून होते. आणि पुढचे तीन दिवस पाठ अंथरुणाला टेकलेली राहते. त्या तीन दिवसांत उरलेली ताकदही कमी होते, म्हणून पुढच्या बऱ्या दिवशी आधीपेक्षा कमी कामात तीच गत होते. बऱ्या दिवशी भरमसाट आणि वाईट दिवशी काहीच नाही, हे चक्र मोडणे हे पुनर्वसनातील पहिले काम आहे. सिॲटल येथील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी दीर्घकालीन वेदनेच्या उपचारात यासाठी एक साधा नियम रूढ केला. दुखू लागले म्हणून थांबायचे नाही, ठरवलेले माप पूर्ण झाले म्हणून थांबायचे. विश्रांती मापाला बांधली की वेदनेच्या हातातील लगाम सुटतो. मला स्वतःला या एका नियमाइतके उपयुक्त दुसरे काही वाटत नाही.

हे माप कसे काढायचे, ते चालण्याच्या उदाहरणाने पाहू. सलग तीन दिवस सपाट रस्त्यावर नेहमीच्या गतीने चालावे आणि वेदना किंवा थकवा स्पष्टपणे वाढू लागला की घड्याळ पाहावे. पाय उचलेनासे होईपर्यंत चालणे येथे अपेक्षित नाही. समजा, पहिल्या दिवशी 14, दुसऱ्या दिवशी 9 आणि तिसऱ्या दिवशी 13 मिनिटे झाली. सरासरी 12 मिनिटे आली. तिच्यातून पाचवा हिस्सा वजा केला की साडेनऊच्या आसपास उरतात. ती 9 मिनिटे धरावीत. हा आकडा पाहून बहुतेकांना हसू येते, कारण कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन येण्याइतकाच तो असतो. पण 9 मिनिटे तीनही दिवशी, अगदी वाईट दिवशीसुद्धा, जमली होती, हेच त्या आकड्याचे बळ आहे.

पहिला आठवडा, आठवड्यातील किमान पाच दिवस, एवढेच चालावे. बरे वाटले तरी दहावे मिनिट चालू नये. माझ्या अनुभवात हा भाग सर्वांत अवघड जातो. त्यानंतर दर आठवड्याला सुमारे दहा टक्के, म्हणजे येथे एक मिनिट, वाढवावे. या हिशेबाने 20 मिनिटांपर्यंत पोहोचायला 11 आठवडे लागतात आणि तेवढे लागू द्यावेत. गती अशी असावी की चालताना पूर्ण वाक्ये बोलता येतील. सायकल, पाण्यातील व्यायाम किंवा ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार) यांपैकी काहीही याच पद्धतीने वाढवता येते. कोमट पाण्याचा तलाव जवळ असेल तर सुरुवात बरीच सुसह्य होते. थंड पाण्यात मात्र अनेकांचे स्नायू आखडतात.

व्यायामानंतर थोडे अंग दुखणार, हे गृहीत धरावे. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर वेदना नेहमीपेक्षा दोनहून अधिक अंकांनी वाढली आणि दोन दिवसांनंतरही उतरली नाही, तर एक पायरी मागे यावे. पूर्ण बंद मात्र करू नये. पावसाळी हवा, मासिक पाळी, घरातील लग्नकार्य किंवा साधा ताप यांमुळे दुखणे उसळते, तेव्हा माप निम्म्यावर आणावे आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा मूळ मापाकडे यावे. असे दिवस येणारच आहेत, म्हणून त्यांची योजना बऱ्या दिवशीच कागदावर लिहून ठेवावी.

चालणे अंगवळणी पडल्यावर, साधारण महिन्या-दीड महिन्याने, ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा सुरू करावेत. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकवून केलेले दंड, उभ्याने टाचा उचलणे आणि रबरी पट्टा ओढणे एवढ्याने सुरुवातीचे काही महिने निघतात. प्रत्येकी पाच वेळा करावे आणि दोन व्यायामांमध्ये पुरेसे थांबावे. हात डोक्याच्या वर धरून ठेवणे आणि एकाच स्थितीत स्नायू बराच वेळ ताठ ठेवणे या दोन गोष्टी सुरुवातीला टाळाव्यात, कारण खांदे व मान त्यानेच भडकतात.

हाच हिशेब घरकामालाही लावावा; तसे न केल्यास सकाळी मोजूनमापून केलेले चालणे दुपारी वाया जाते. कणीक मळणे, पोळ्या लाटणे आणि भाजणे ही कामे आपण सलग करतो, आणि ओट्याशी मान खाली घालून उभे राहिल्याने खांदे आखडतात. कणीक तासभर आधी भिजवावी किंवा घरातील दुसऱ्या कोणी मळावी, लाटणे टेबलाशी बसून करावे आणि उभे राहायचे असेल तेव्हा एक पाय बुटक्या पाटावर ठेवून तो मधूनमधून बदलावा. दहा पोळ्यांनी हात भरून येत असतील, तर आठव्या पोळीला थांबून पाच मिनिटे बसावे. कपड्यांची दोरी छातीच्या उंचीवर आणणे हा फुकटचा उपाय आहे, तरी तो क्वचितच केला जातो.

झोपेकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते. 1975 मध्ये टोरंटो येथील हार्वी मोल्डोफ्स्की यांनी निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप रात्री वारंवार मोडली, तेव्हा त्यांच्याही अंगात फायब्रोमायल्जियासारखे दुखणे उमटले होते. उठण्याची वेळ रविवारीसुद्धा तीच ठेवावी, दुपारच्या जेवणानंतरची वामकुक्षी अर्ध्या तासाच्या आत आवरावी आणि संध्याकाळचा चहा सोडून पाहावा. घोरणे मोठे असेल, श्वास अडून जाग येत असेल किंवा रात्री पायांना अस्वस्थ वळवळ सुटत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यांवर वेगळे उपचार आहेत.

औषधांना येथे दुय्यम स्थान आहे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली सुधारलेल्या शिफारशींत निःसंदिग्ध पाठिंबा फक्त व्यायामाला दिला होता. ॲमिट्रिप्टिलिनची अल्प मात्रा, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगॅबालिन यांपैकी एखादे औषध काहींना झोपेसाठी व वेदनेसाठी उपयोगी पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावे आणि अचानक सोडू नये. डायक्लोफेनॅकसारख्या रोजच्या वेदनाशामक गोळ्यांचा या आजारात फारसा उपयोग होत नाही, उलट जठर आणि मूत्रपिंडे यांना धोका पोहोचतो. घटक न लिहिलेल्या ‘वाताच्या पुड्या’ घेऊच नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते, आणि चार दिवसांत आलेला चमत्कारिक आराम त्याचाच असू शकतो.

काही परिस्थितींत वरची पद्धत थांबवावी. सांध्यांना उघड सूज, ताप, कारणाशिवाय घटणारे वजन, हातापायातील वाढती कमजोरी किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे, यांपैकी काही दिसल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे. थोड्याशा श्रमानंतर अनेक दिवस, कधी आठवडे, सगळेच कोसळत असेल, तर तो दीर्घकालीन थकव्याचा वेगळा आजार असू शकतो आणि ठरवून वाढवत नेलेला व्यायाम त्यात अपायकारक ठरू शकतो; ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक तत्त्वांतून 2021 मध्ये तो याच कारणाने वगळण्यात आला. फिजिओथेरपिस्ट निवडताना पहिल्याच भेटीत विचारावे, की व्यायाम वाढवण्याचा निर्णय ते कशावरून घेतात. नुसता शेक आणि विद्युत उपचार यांच्या दहा बैठका सांगितल्या जात असतील, तर दुसरीकडे विचारणा करावी.

नोंदींसाठी शाळेची साधी वही पुरते. रोज तीनच रकाने भरावेत: ठरवलेले माप, प्रत्यक्ष केलेले माप आणि झोपेचे तास. वेदनेचे आकडे मुद्दाम आठवड्यातून एकदाच, रविवारी लिहावेत, कारण दर तासाला दुखणे मोजणारे मन दिवसभर दुखण्याकडेच कान लावून बसते. तीन महिन्यांनी पहिले पान काढून ‘ठरवलेले’ आणि ‘केलेले’ हे दोन रकाने ताज्या पानाशेजारी ठेवून पाहावेत आणि पुढच्या तीन महिन्यांचे माप त्यावरूनच ठरवावे.