फक्त दुपारीच होणारा शॉर्ट, शेवटी सापडला
माझा मॉडेल रेल्वेचा एचओ मापाचा लेआउट, १६.५ मिमी गेजवाला (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. मे महिन्यात दुपारी चालू केला की डीसीसी बूस्टर (रुळांना डिजिटल कंट्रोलची वीज पुरवणारं यंत्र) लगेच ट्रिप, आणि रात्री सगळं ओके, दोन आठवडे डोकं चालेना. इंजिन-डबे सगळे उचलले तरी शॉर्ट तसाच, म्हणजे दोष रुळात नाहीतर वायरिंगमध्ये. मग बूस्टर काढून, मल्टिमीटर बीपवर ठेवून, फीडर वायरी (रुळांपर्यंत वीज नेणाऱ्या) अर्ध्या-अर्ध्या सोडवत गेलो आणि यार्डातल्या लाइव्ह फ्रॉगवाल्या पॉइंटपाशी पोचलो (पॉइंट म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारा सांधा, फ्रॉग म्हणजे त्यातला आतले दोन रूळ मिळतात तो भाग; लाइव्ह म्हणजे त्यात वीज असते). फ्रॉगच्या पुढे आतल्या रुळाला वीज अडवायला कापलेली फट उन्हाने रूळ वाढून चक्क मिटली होती! परत कापली, त्यात प्लास्टिकचा तुकडा सुपरग्लूने बसवून रुळाच्या आकारात घासला. नुसती फट मोकळी ठेवू नका, प्लीज. कालपासून भर दुपारी गाडी फिरतेय.